दोन नंबरची अधिकारी

मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे
बोटाला शाई लावणारी बाई.
एरवी मी पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवते.
मग नेमणूक अगदी योग्य झाली, असं झोनल साहेब म्हणाले
आणि सगळे हसले. मीही.

कोपरखैरणे, तळमजला, खोली चार.
भिंतीवर पाचवीच्या मुलांचं ‘माझे शहर’:
निळाशार होल्डिंग पाँड, त्यात बदकं.
खिडकीतून खरा दिसतो.
तिवरं माजलीत, मध्ये एक उलटी खुर्ची,
आणि बगळा उभा, पाण्यात नव्हे, गाळावर.
हा गाळ तीन वर्षांत तीनदा काढला.
बिलं निघाली, गाळ निघाला नाही.
सगळ्यांना माहीत आहे.
याला गुपित तरी कसं म्हणावं,
गुपिताला निदान थोडी लाज असते.

सातला बाटलीचं बूच काढलं.
नऊपर्यंत एकवीस बोटं.
समोरच्या टॉवरमधून एकशे बारा नावं यादीत,
आली नऊ.
उद्याची रजा टाकली की चार दिवस मिळतात,
गाड्या काल रात्रीच वडखळला पोचल्या असतील.
गेल्या महिन्यात एका उमेदवाराने त्या टॉवरला रंग दिला,
दुसऱ्याने कॅमेरे.
कॅमेरे आज दिवसभर
रिकामं पार्किंग बघत बसले.

बाराच्या सुमारास कामत आले, निवृत्त इंजिनिअर.
बोट पुढे करून म्हणाले,
“सगळे सारखेच हो. हा निदान खातो, पण करतो.”
काय करतो, हे विचारायची मला परवानगी नव्हती.
मी रेघ ओढली.
नखापासून खाली, सरळ.
सरळ रेघ मला चांगली जमते.

दोन्ही पक्षांचे एजंट एकाच डब्यात जेवले.
सुकटीची चटणी होती.
मलाही दिली, चांगली होती.

तीन वाजता हिराबाई मढवी, गावठाणातल्या.
पाँड आहे तिथं त्यांचं खाचर होतं.
बोटाला सुरकुत्या इतक्या, की शाई ओहोळासारखी पसरली.
म्हणाल्या, “बाय, त्यो गाळ काढनारा
कंच्या बटनाव हाय?”
खोलीतले सगळे यादीत, फोनमध्ये, डब्यात बघू लागले.
मी म्हटलं, सांगता येत नाही, आजी.
“तुला पन ठाव नाय,” असं म्हणून त्या हसल्या
आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या.
बराच वेळ आवाज आला नाही.
मग आला. लांबलचक, एकसुरी.

साडेपाचला दार लावलं.
अकराशे त्रेचाळीस नावं, तीनशे अठ्ठ्याण्णव बोटं.
बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक,
सील करताना तीच कलंडली
आणि माझा अख्खा पंजा जांभळा झाला.

रात्री अकराला लिफ्टमध्ये सरवणकर वहिनी म्हणाल्या,
“वा! तुम्ही तर हातभर मतदान केलंत.
आम्हाला बाई जमलंच नाही.”
मी म्हटलं, हो ना.

मी मत दिलेलं नाही.
टपाली मताचा अर्ज प्रशिक्षणाच्या दिवशीच मिळाला होता,
छापील, फक्त सही करायची.
तो मी डब्याखाली अंथरला.
मटकीच्या रश्शाचा गोल डाग पडला त्यावर,
उमेदवारांच्या रकान्यांपेक्षा कितीतरी नेटका.

लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं.
शाई आहे तिथंच आहे.

आणि ती बदकं.
ती मीच सांगितली होती मुलांना,
पाहुणे येणार, चित्र प्रसन्न दिसायला हवं म्हणून.
सुमेध पाईकरावने पाँड तपकिरी रंगवला होता,
खुर्चीसकट.
मी त्याला रागावले नाही.
नुसता दुसरा कोरा कागद दिला.