अकरा माणसांची यादी

फ्रीजचं दार लागत नाही.
स्टुलावर पाण्याचा कॅन ठेवून तो दाराला टेकवलाय,
तरी मधूनच आतला दिवा पेटतो
आणि रात्री स्वयंपाकघरात
कुणीतरी उठल्यासारखं वाटतं.

आज एकोणतीस.
फातिमानगरच्या आमच्या गॅलरीत कागदी चांदणी अजून पेटते.
आत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला
मांजराच्या पिलासारखी लव आली आहे.
दोन पेट्या. दीडशेला दोन होत्या,
एकच घेतली असती तर शंभर पडले असते,
हा हिशेब एलिशिबाने सोलापूर रस्त्याच्या कडेला केला
आणि मी, गणिताचा मास्तर, मान हलवली.

मटारचं तर विचारू नका.
डिसेंबरात पुण्यात मटार कुणी विकत घेत नाही,
मटारला बळी पडतात.

यादी पप्पांच्या अक्षरातली.
मैदा पाच किलो, रवा तीन, खोबरं, वेलदोडे,
मटण शिवाजी मार्केटातून, सकाळी सहाच्या आत,
मानेकडचं नको.
खाली रेघ. रेघेखाली: माणसे ११.
फाटू नये म्हणून ती कुणीतरी लॅमिनेट करून घेतली,
बहुतेक मीच.
लॅमिनेट केलेल्या कागदावर खोडता येत नाही.

पप्पा गेले. थोरली आत्या गेली.
रूथ मिरजेला, सासरच्या चर्चमधल्या नाटकात मेंढपाळ होते.
शमुवेल प्लॉटवरून भांडून गेला त्याला सहा वर्षं झाली,
त्याला आवडते म्हणून बारीक शेव मात्र दर वर्षी होते.
टेबलाशी यंदा चौघं,
त्यातल्या शेजारच्या बर्वेबाई,
त्यांनी फक्त काकडी घेतली.

प्रार्थना मीच म्हटली.
त्यात आपण एका दिवसापुरतंच मागतो.
म्हणताना समोरच्या पातेल्याकडे बघवेना.

फराळाची ताटं वाटली.
पूर्वी ताट रिकामं परत येत नसे,
चिमूटभर साखर तरी.
आता लिफ्टपाशीच, "अय्या, कशाला!
आमच्याकडे कुणी गोड खातच नाही."
दोन ताटं विणलेल्या रुमालांसकट परत आली.

सकाळी सातला लंकाबाईंची ढकलगाडी.
ओल्या कचऱ्याची बादली त्यांनी उचलली,
खाली ठेवली,
परत उचलली.
"मास्तर, येरवी ही माझ्या एका बोटाला येती."
मग आत हात घालून एक करंजी काढली,
उन्हात धरून बघितली.
"ही वल्ल्यात कशी? ही तर कोरडी हाय."
मी म्हटलं, डब्यात आहेत अजून, चांगल्या आहेत,
घरी न्या.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"परवापासनं समदी बिल्डिंग हेच म्हणतीया.
बी विंगचा केक, सी विंगचा पुलाव.
माझ्या घरी फ्रीज न्हाई, मला शुगर हाय.
तुमच्या हातनं टाकवत न्हाई
म्हणून मला टाकाया देता व्हय?"
गाडीचं एक चाक गेटपर्यंत कुरकुरत गेलं.

वर येऊन मी कात्री शोधली.
यादीची खालची पट्टी कापली.
अकरा हातात राहिले,
पातळ, चकचकीत, कडेला धारदार.
केराच्या डब्यापर्यंत गेलो. कोरडा की ओला, तेच कळेना.
शेवटी घड्याळामागे खोचले.

"आणि शमुवेल आला असता तर?" एलिशिबा म्हणाली.
मी म्हटलं, आला असता तर दोन करंज्या पुरल्या असत्या.

ती मटार सोलत राहिली.
सुरुवातीला दाणे पातेल्यात टणटण वाजत होते,
मग तळ झाकला गेला
आणि आवाज बंद झाला.
बऱ्याच वेळाने तिने मान वर न करता विचारलं,
थर्टी फर्स्टला किती माणसं धरू?