नियम एकेचाळीस

आर्वीच्या जिनिंगात चौथ्या दिवशीही
उकंडराव नेहारे कापसाच्या ढिगापाशी,
मी समोर लॅपटॉप घेऊन: जर, आणि, तर.

जर ओलावा नऊच्या वर
आणि कापसात कवडी
तर दर्जा खाली.
असे चाळीस झाले. मशीन दहातले सात ढीग बरोबर सांगते.

"उरलेले तीन?"
"थे त समजतेच ना बाई."
"कशावरून?"
त्यांनी चिमटीत पुंजका धरला,
कानाशी नेऊन तोडला.
"आयका."

मला काहीच ऐकू आलं नाही.

तक्त्यात डोळा होता, अंगठा होता,
कानाला रकाना नव्हता.
अशा वेळी, पद्धत म्हणते, पहिल्या पायरीवर या.

आले.
लॅपटॉप मिटून पोत्यावर बसले,
हमालाच्या पोरीशेजारी, तीही कान लावून.
म्हटलं, अजून एक तोडा,
हळू.