प्रॉम्प्टरच्या खुर्चीतून

थर्झा ब्लेन्किनच्या नाटकाला मी अकरा हंगाम
विंगेत बसले. मांडीवर संहिता, वर निळा दिवा,
दिव्याच्या काचेवर माझा रुमाल,
उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून.
शब्द सगळ्यांचे चुकायचे.
दुसऱ्या अंकातलं ते वाक्य मात्र
कधी कुणाचं अडलं नाही.

बाई टेबल मांडते. दोन बश्या, दोन काटे,
मोहरीची बरणी, कारण त्याला मोहरी लागते.
तो मागे कोळशाच्या खोलीत पडलाय,
हे आठशे माणसांना माहीत आहे.
ती दाराकडे बघते: "आज उशीर झाला वाटतं."
आणि आठशे माणसं
एकाच छातीनं श्वास धरतात.

पेपरवाले विचारायचे, हे सुचतं कुठून?
"आंघोळीच्या टबात," ती सांगायची.
ते लिहून घ्यायचे.

मला सांगितलं ते एका रविवारी, हंबरच्या काठावर,
गरम चिप्सचा पुडा दोघींच्या मध्ये.
एकोणीस वर्षांची होती. हल शहरातल्या गोदीत,
बोटमालकांच्या कचेरीत, टेलिफोनच्या बोर्डावर.
सकाळी सव्वानऊला आइसलँडकडून निरोप आला.
बोट गेली. माणसं गेली.
साहेब म्हणाले, कागद येईपर्यंत ओठ शिवून ठेव.
दहाला बायका यायला लागल्या.
एकीच्या बाबागाडीत पोर, पोराच्या पायाशी बटाटे.
"काही कळलं का गं?"
"अजून काही कळलं नाही."
दुपारी दोनपर्यंत सतरा वेळा.
"सतरा वेळा, एफी," बोटांचं मीठ पुसत ती म्हणाली,
"आणि दर वेळी
आधीपेक्षा चांगलं म्हटलं."

पुढे तेवीस कादंबऱ्या.
विषं, मृत्युपत्रं, बुटाला लागलेला ओला चुना,
धुक्यात भलत्याच फलाटावर उतरलेला वकील.
खरं सांगायचं तर खून तिला फारसा जमायचा नाही.
पहिल्या पन्नास पानांत उरकायची,
डोळ्यांत पाणी यायच्या आत कांदा चिरून टाकावा तसा.
जीव असायचा तो पुढे:
ज्याला माहीत आहे, तो
ज्याला माहीत नाही त्याला विचारतो,
चहात साखर किती घालू?

दर हंगामाच्या पहिल्या प्रयोगाला
हेसल रोडवरच्या एका घरी दोन तिकिटं जायची.
कुणीच आलं नाही.
पडदा उघडायच्या आधी ती फटीतून बघायची,
भरलेलं थिएटर नाही,
त्या दोन खुर्च्या.

मार्चमध्ये इस्पितळात डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठलं.
फॉर्मवर तिनं माझं नाव घातलं होतं;
नात्याच्या रकान्यात "प्रॉम्प्टर".
जे सांगायचं ते त्यांनी हळू आवाजात सांगितलं.
मी नाक पुसलं, आत गेले.
ती मुद्रितं तपासत होती, स्वल्पविरामांवर चिडलेली.
"काय म्हणाला?"
"अजून काही कळलं नाही."

पेन्सिल तिनं कानामागे खोचली.
अकरा हंगामांत मी पहिल्यांदाच
विंगेबाहेर येऊन बोलले होते.
"विराम जास्त घेतलास," ती म्हणाली,
"आणि हातांचं काय करायचं ते तुला कळत नाहीये.
चहा ओत."

मी ओतला.
विचारलं, साखर किती घालू?