पूल उचललाय

हलमध्ये नदीला पाणी कमी, चिखलच जास्त.
भरती आली की तेवढ्यापुरती ती नदी होते.
पण तिच्या पश्चिमेला सगळे काळे-पांढरे
आणि पूर्वेला तांबडे-पांढरे.
मी दोन्हीकडची, असं पहिल्या आठवड्यात म्हणून बसले,
तर मिस्टर स्टॅदर्स म्हणाले,
"दोन्हीच्या मध्ये चिखल असतो, पोरी."

त्यांची पट्टी बदलायची मंगळवारी आणि शुक्रवारी.
साखरेनं पोखरलेली टाच.
खिडकीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर,
काळा उन्हानं विटून करडा झालेला.
पुलापलीकडे शेवटचे कधी गेलात?
"ब्याऐंशी साली. मयतीला.
पाणीसुद्धा प्यायलो नाही तिथलं."
मी हसले.
पाणी न पिण्याच्या गोष्टी
मी आले तिकडं वेगळ्या असतात,
त्यांना हसता येत नाही.
ह्याला आलं.

पलीकडे, पुलापासून सात मिनिटांवर, मॉरीन.
त्यांची धाकटी बहीण,
गोदीतल्या एका सुताराशी लग्न करून गेलेली.
तिचं दार तांबडं, चौकट पांढरी,
तिच्या गुडघ्यासाठी मी बुधवारी जाते.
गुड फ्रायडेला रग्बीचा सामना असतो,
त्या आठवड्यात बहीणभावाचा फोन बंद.
"आणि कुणी आजारी पडलं तर?"
"आजार शनिवारी सांगता येतो," ती म्हणाली.

मला यातलं काही शिकवावं लागलं नाही.
माझी आत्या शिवाजी पेठेतून
मंगळवार पेठेत दिलेली.
चालत दहा मिनिटं, मध्ये भाजीवाले.
फुटबॉलच्या फायनलला आतोबा सांगून जायचे,
आज माहेरचं नाव घरात नको.
ती घ्यायची नाही.
स्टेडियमकडून गलका आला की
परातीतल्या भाकरीवर तिचा हात
एकदा जरा जोरात पडायचा,
आणि आम्हां पोरांना कळायचं
गोल कुणी मारला.

गेल्या मंगळवारी मी रस्सा करून नेला.
पेशंटला खाऊ घालू नये असा नियम आहे,
पण नियम करणाऱ्यानं कोल्हापूर बघितलेलं नसणार.
दोन वाट्या समोर ठेवल्या:
एक तांबडा, एक पांढरा.
मिस्टर स्टॅदर्सनी चष्मा लावला.
एकदा वाट्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
"हे मॉरीननं पाठवलंय?"
मी शपथ घेतली. आईची घेतली.
मग पांढरा त्यांनी तळापर्यंत प्यायला,
मिशी पुसली,
आणि तांबडी वाटी दोन बोटांनी
टेबलाच्या कडेला सरकवली,
पत्त्याच्या डावात नको असलेलं पान सरकवतात तशी.
"फेकू नकोस हां," म्हणाले,
"तिला दे. तिला असलंच आवडतं."

पूल उचललेला होता.
वाळूची एक बोट, घाई नसलेली,
आणि दोन्ही काठांवर गाड्यांची रांग,
इंजिनं बंद, आरशांना लटकवलेले
इकडचे झेंडे, तिकडचे झेंडे,
सगळे एकाच बोटीवर चिडलेले.
मांडीवर डबा गरम.
काच आतून धुरकट झाली.
समोरच्या काठावर एक पोरगा
बोनेटवर बसून माझ्याकडे हात करत होता,
ती शिवी होती का सलाम
एवढ्या लांबून कळेना.

मॉरीननं तांबडा उभ्यानंच खाल्ला.
नाक वाहिलं, डोळे वाहिले, ठसका लागला,
थांबली मात्र नाही.
"आणि त्यानं काय खाल्लं?"
"पांढरा."
"सगळा?"
"वाटी चाटली."
ती खुर्चीत बसली आणि
तो कमी केलेला टीव्ही तिनं बंदच केला.
इतकी हसली की गुडघा धरावा लागला.
"अगं, पांढरा तर आमच्यातही आहे.
अर्धा आमचाच प्यायला की तो.
सांग त्याला. जा, आत्ता सांग."

नाही सांगितलं.
परतताना पूल खाली होता,
चिखलात दोन बगळे, कुठल्याच बाजूचे नसलेले.
गुड फ्रायडे तीन दिवसांवर.
शनिवारी सांगता येईल.