एम, आणि त्यापुढचा कोलन

आर्ने कोस्तामो निवृत्त झाला तेव्हा
मला दोन वस्तू देऊन गेला:
खिडकीशी उभा दुर्बिणीचा स्टँड, दुर्बिणीवाचून,
आणि सी-मधला एक प्रोग्राम, चार हजार ओळींचा,
जो टोर्निओपाशी नदीवरचा बर्फ कधी फुटेल ते सांगतो.
सांगतो म्हणजे, विचारावं लागतं.

विचारायची रीत त्याने हाताने रचलेली.
मेनच्या उंबऱ्यावर शब्द रांगेत उभे.
किती जण आले ते आर्गसी सांगतो,
कोण कोण आले ते आर्गव्ही.
शून्यावर प्रोग्रामचं स्वतःचंच नाव,
म्हणजे कामाला लागण्याआधी
तुला काय म्हणून हाक मारली ते ऐकून घे.
मग एकेकाची झडती. पहिलं अक्षर डॅश?
तर हुकूम. नाहीतर फाइल.
पुढे इफ, एल्स इफ, एल्स इफ, चाळीस वेळा,
आणि दोन शब्द जुळले की उत्तर शून्य,
कारण दोघांत फरकच उरला नाही.

मी ही गोधडी उसवत होते
गेटऑप्ट बसवायला. एप्रिल सरत आलेला,
बाहेर उणे तीन, नदीवर अजून स्कीच्या रेघा.
सगळे पर्याय एका ओळीत मावले.
टी, तापमान. डी, बर्फाची जाडी. क्यू, गप्प राहा.
ज्याला पुढे काही हवं त्याच्यामागे कोलन.
दोनच टिंबं:
एवढ्यावर भागणार नाही, अजून सांग.
क्यूला कोलन नाही. गप्प राहायला काय लागतं?
आर्नेने तो पर्याय सव्वीस वर्षं
स्वतःलाच देऊन ठेवला होता.

एका सालच्या नोंदींच्या फाइलचं नावच डॅशने सुरू.
प्रोग्राम तिला हुकूम समजायचा, भांबावायचा.
आता दोन डॅश जोडून लिहायचे आधी:
इथून पुढे हुकूम संपले,
आता नुसती नावं, आहेत तशी घ्या.

मग तीनशे बाराव्या ओळीवर सापडला एम.
मदतीच्या मजकुरात त्याचा पत्ता नाही.
शेजारी एकच शेरा: माइरेला विचार.
तो मे महिन्यातली एक तारीख मागतो
आणि पाण्याचा वेग, हवेचा दाब
यांच्या पंगतीला तिला बसवतो.
तिचं वजन खोडून खोडून वाढवलेलं:
पाच टक्के. बारा. वीस.
आता चाळीस.

गोदामातला वेइक्को म्हणाला, अगं, माइरे!
कँटीनमध्ये गुरुवारी मटाराचं सूप करायची.
भांडी विसळता विसळता तारीख सांगायची.
तुमचं यंत्र चुकायचं. ती नाही.
म्हणजे, फारशी नाही.
आता पलीकडच्या काठाला, हापारांदात, लेकीकडे असते.
तिथे देश दुसरा, घड्याळ एक तास मागे,
बर्फ तोच.

मी एम दिला, पुढे काहीच न देता.
प्रोग्राम थांबला: या पर्यायाला मूल्य हवं.
उर्मट नव्हता. पण हटेना.
काढून टाकता आला असता,
तीन ओळी, ब्रेकसकट.
किंवा एक ठरीव आकडा खुपसायचा, दहा, सरासरी म्हणून,
आणि कुणाला कळलंही नसतं.
बोट कळीपर्यंत गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

फोन लावला. आधी टीव्ही ऐकू आला, मग लेक, मग ती.
मी हेन्रीका, जलमापनातून, बर्फाबद्दल.
आर्नेने स्वतः नाही का केला? म्हणाली.
क्यू, मी म्हटलं. तिला कळलं नसणार,
तरी हसली.
मग म्हणाली, थांब, बूट घालते.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
दार.
स्क्रीनवर डॅश, एम, एक मोकळी जागा,
आणि कर्सर.
खिडकीतून पलीकडचा काठ दिसतो,
करडा, लांब, ठिपक्याएवढ्या माणसांचा.
त्यातला एक ठिपका वाकलेला असावा.
दुर्बीण तेवढी
आर्ने घरी घेऊन गेला.