सातवी खूण

शाळेच्या फॉर्मवर रकाना होता: ‘सेवेसाठी कौशल्य’.
मी लिहिलं, होकायंत्र. साम्प्साने लिहिलं, धावणं.

कुह्मोच्या वृद्धाश्रमापासून तळ्यापर्यंत
नऊशे मीटर जंगल.
स्पर्धेत मी ते सहा मिनिटांत कापते,
दलदलीच्या कडेकडेने.

हिल्काबाई गेल्या हिवाळ्यात दोनदा चुकल्या,
म्हणून बर्चच्या बुंध्यांना केशरी-पांढऱ्या खुणा,
आमच्या नव्हे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.
वॉकरची चाकं मुळांत अडतात.
साम्प्सा पुढे पळतो, थांबतो, परत येतो,
फिरायला नेलेल्या कुत्र्यासारखा.
शंभर मीटरला माझी एक्केचाळीस दुहेरी पावलं;
त्यांची मोजता मोजता
माझीच मोजणी हरवली.

सातव्या खुणेशी त्या उभ्या राहिल्या.
माझी गाठ सोडली,
आणि चार झाडं आत, वाट सोडून,
खूण बांधली
गाय बांधावी तशी.

‘इथून वळायचं नाहीये,’ मी म्हटलं.
‘वळायचंय कुणाला?’

शेवाळ खरवडलं तर खाली चुलाणाचे दगड.
सॉना. काजळी अजून बोटाला लागत होती.
कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
वॉकरला ब्रेक लावून
त्या दगडावर बसल्या, हात उबेला धरल्यासारखे.

रात्री नकाशा दुरुस्त केला:
पडक्या बांधकामाला तुटक रेषांचा चौकोन.
‘लागलेला वेळ’ या रकान्यात
साम्प्साने लिहिलंय, ‘दुपार’.

कोस्ती सर फॉर्म परत पाठवणार,
आकड्यात लिहा म्हणून.