कोरी पट्टी

शहापूरच्या खडे बाजारात आमचं फ्रेमचं दुकान.
वडलांच्या माघारी मीच कापते लाकूड,
चारी कोपरे पंचेचाळीस अंशांत.
बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी,
त्याखाली खडूनं काचेचा भाव.

गुरुपाद सर आले, एम-एटी चालूच ठेवून.
खानापूरच्या हायस्कुलात तीस वर्षं
पोरांकडून तांब्या आणि आंबा काढून घेतलेले.
वर्तमानपत्र सोडलं, आत चित्र:
येळ्ळूरच्या गडावरून दिसतो तो मुलूख,
पण भाताची खाचरं हिरवी नव्हती,
विझल्या भट्टीतल्या कौलांच्या रंगाची होती,
आणि वर एक पिवळा, लिंबाच्या सालीसारखा,
उतरतो, उतरतो,
उतरत नाही.
खाली, जिथं पाय टेकायचे,
तिथं दोन बोटं नुसता कागद.

मला वाटलं, राहून गेलंय.
माउंट जरा आत घेतला,
कोरी पट्टी झाकून टाकली नीट,
मागून खिळे मारले, मनात म्हटलं,
वय झालं.

न्यायला आले तेव्हा बराच वेळ बघत राहिले.
"ते पट्टी चुकला नव्हता, बाई.
सोडला होता."

त्यांच्या मराठीत खुर्ची पुल्लिंगी, दिवा बाई.
मी कधी सुधारलं नाही,
माझ्या कन्नडात वाक्य निघतं
आणि क्रियापदाला पोचत नाही.

मग स्टुलावर बसून, गाडीची किल्ली मुठीत,
त्यांनी मारवा धरला.
आवाज तसा फाटकाच,
शेजारच्या गल्लीतल्या मागाची खटखट
ना विलंबित, ना द्रुत, आपल्याच नादात.
कोमल रिषभावर थांबले,
षड्ज समोर दिसत होता,
कडी हाताशी, आत दिवा लागलेला,
आणि माणूस अंगणातूनच मागं फिरला.
परत आला. परत फिरला.
माझा घसा आवळला, का ते कळेना,
मी तर काच पुसत होते.

"पंचम तर नाहीच ह्याच्यात. सा आहे,
पण मागितल्याबरोबर द्यायचं नाही.
स्वल्प तडी."

मी खिळे उपसले. माउंट नवा कापला,
दोन बोटं खाली.
पावतीवर विचारलं, नाव काय घालू, येळ्ळूर?
"गावाचं नाव नको. मग कुठल्या लिपीत
म्हणून चार माणसं येतात.
संध्याकाळी सहा लिही."

चित्र टिळकवाडीच्या एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं.
तिसऱ्या वर्षी काच फुटून परत आलं,
भिंतीला ओल होती.
ती कागदात चढली होती खालून, सावकाश,
आणि कोऱ्या पट्टीत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक तपकिरी रेघ थांबली होती,
चहाच्या कपात उरते तशी.

सरांना फोन केला. आता गाडी चालवत नाहीत,
नातू घेऊन आला.
चष्मा कपाळावर सारून, नाक चित्राला लागेल इतके वाकले.
मी म्हटलं, निघेल सर, कापसानं हलक्या हातानं,
नाहीतर पुन्हा माउंटखाली घेते.
बोलले नाहीत.
बोट रेघेवरनं नेलं, न टेकवता,
आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी लावलं,
एकच सूर, लांब,
नातवानं मोबाइलवरून मान वर केली.

"लागला की," म्हणाले.

वहीत लिहिलं त्या दिवशीच्या तारखेला:
काच एक. खिळे नवे.
डाग तसाच.